टीम विकणार म्हणे! पुण्याचा संघ दोनदा गेला, त्याची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून. कर्जत लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचा, बदलापूरच्या पुढे गाडी रिकामी झाली की बसून वाचा.

सुरुवात खालापूरच्या टोलनाक्यापासून करू. तिथे उभं राहिलात तर डावं-उजवं सोपं आहे. एका बाजूला पनवेल, नवी मुंबई, वानखेडे. दुसऱ्या बाजूला घाट, घाट चढला की लोणावळा, आणि पुण्यात शिरायच्या आधी हायवेच्या कडेला दिसतं ते गहुंजेचं स्टेडियम. म्हणजे कर्जत-खालापूरचा पोरगा क्रिकेटच्या नकाशावर बरोबर मधे अडकलेला. नोकरी मुंबईला, कॉलेज कधी पुण्याला, मामा पिंपरीला आणि काका डोंबिवलीला. त्यामुळे आपल्याकडे एकाच घरात दोन टीम असायच्या. असायच्या म्हणतोय, कारण आता एकच उरली.

मुंबई इंडियन्स 2008 पासून आहे. मालक एकच, रिलायन्स. ज्या रिलायन्सचा पॉलिस्टरचा कारखाना 1982 पासून आपल्या पाताळगंगेच्या काठी आहे, तीच. मुंबईवाल्यांना कधी रात्री झोपताना प्रश्न पडला नाही की ‘उद्या आपली टीम असेल ना?’ पुण्यावाल्यांना तो दरवर्षी पडायचा. आणि दोनदा त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं.

आजचा प्रश्न हाच. टीम विकली जाते, बंद पडते, दुसऱ्या शहरात जाते, तेव्हा नेमकं काय विकलं जातं? आणि आपण चाहते आधीपासून जे अंदाज लावत बसतो, ते इतके चुकतात का?

सातबारा कोणाच्या नावावर?

आपल्या भागात खरेदी-विक्री कोणाला शिकवावी लागत नाही. ‘ती जागा विकली म्हणे’, ‘बोलणी चालू आहेत’, ‘टोकन दिलंय’, ‘अजून खरेदीखत नाही झालं’. फार्महाऊसवाले आले तेव्हापासून चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नाही. म्हणून आयपीएलची टीम जमिनीच्याच भाषेत सांगतो.

सातबाऱ्यावर तुम्ही ‘भोगवटादार वर्ग 2’ वाचलं असेल. जमीन तुमच्या ताब्यात, पीक तुमचं, पण विकायची तर सरकारची परवानगी लागते. अटी मोडल्या तर जमीन परतही जाऊ शकते. आयपीएलची फ्रँचायझी साधारण तशी आहे. मालक ज्याला आपण म्हणतो, त्याने बीसीसीआयकडून स्पर्धेत संघ उतरवायचा हक्क घेतलेला असतो. मैदान त्याचं नसतं, ते बहुतेक वेळा क्रिकेट असोसिएशनचं. खेळाडू करारावर. स्पर्धा बोर्डाची. मग त्याच्याकडे काय असतं? हक्क, नाव, बोधचिन्ह, आणि टीव्हीच्या पैशातला वाटा.

आणि चाहत्याकडे? जर्सी. तीही बऱ्याचदा खोपोलीच्या बाजारातली.

आता किमती बघा. 24 जानेवारी 2008 ला पहिल्या आठ संघांचा लिलाव झाला. मुंबई सगळ्यात महाग, 11 कोटी 19 लाख डॉलर. आठही संघ मिळून बोर्डाला सुमारे 72 कोटी डॉलर मिळणार होते, तेही दहा वर्षांच्या हप्त्यांनी. दोन वर्षांनी, 21 मार्च 2010 ला, आणखी दोन संघ विकले. पुणे घेतलं सहारा समूहाने, 37 कोटी डॉलरला. कोची गेलं 33 कोटी 33 लाख डॉलरला. म्हणजे आधीच्या आठ संघांना जितके पैसे लागले, जवळजवळ तितके या दोघांनी मिळून लावले. तेव्हा आपल्याकडे सगळे खूश. ‘एवढे पैसे ओतलेत म्हणजे टीम पक्की!’

इथेच पहिली चूक. महाग घेतलेली टीम पक्की नसते, तिचा हप्ता मोठा असतो. घरात गृहकर्ज असेल तर आईबाबांना विचारा.

पहिला पुणे: सेहेचाळीस सामने

पुणे वॉरियर्सचा पहिला हंगाम 2011 चा. गंमत अशी की त्या वर्षी पुण्याचं घरचं मैदान पुण्यात नव्हतंच. गहुंजेचं काम चालू होतं, म्हणून सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. खोपोलीहून नेरूळ पुण्यापेक्षा जवळ. म्हणजे त्या एका वर्षी पुण्याची टीम पुणेकरांपेक्षा खालापूरकरांच्या जास्त जवळ होती!

2012 ला गहुंजे उघडलं. दारावर सहाराच्या प्रमुखांचं, सुब्रत रॉय यांचं नाव. कप्तान सौरव गांगुली. खेळाचं म्हणाल तर तीन हंगाम, 46 सामने, 12 विजय. दर वर्षी बरोबर चार. 23 एप्रिल 2013 ला बंगळुरूत ख्रिस गेलने नाबाद 175 मारले ते याच टीमला. तो व्हिडिओ तुम्ही शंभरदा बघितला असेल. गोलंदाज कोणाचे होते ते आता बघा.

तेव्हा चाहत्यांचा अंदाज काय होता? टीम हरतेय, म्हणून मालक कंटाळून विकेल. कोणी म्हणायचं गांगुली गेला की सुधारेल, कोणी म्हणायचं दोन चांगले बॉलर आले की मालक थांबेल. सगळं लक्ष गुणतक्त्यावर.

खरी गोष्ट गुणतक्त्यात नव्हतीच. सहाराचं म्हणणं होतं की आम्ही बोली लावली ती हंगामात 94 सामने होतील असं धरून, प्रत्यक्षात सत्तरीच्या घरातच झाले, तर फी कमी करा. बोर्डाशी ते भांडण सुरुवातीपासून चालू. फेब्रुवारी 2012 मध्ये सहाराने एकदा अंग काढून घेतलं, मग समेट झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे 24,000 कोटींहून जास्त रुपये परत करायचा आदेश दिला. आता सांगा, ज्या घरावर असा आदेश आलाय, त्या घरात ‘पुढच्या वर्षी ओपनर कोण’ हा प्रश्न कितव्या नंबरला असेल?

मे 2013 मध्ये फी थकली म्हणून बोर्डाने बँक हमी वटवली. सहाराने जाहीर केलं, आम्ही आयपीएलमधून बाहेर. ऑक्टोबर 2013 मध्ये बोर्डाने करार रद्द केला. स्टेडियमवरचं नावही उतरलं. टीम विकली गेली नाही, बदलली नाही, हलली नाही. ती फक्त पुढच्या हंगामाच्या यादीत नव्हती.

जिंकणारे वाचतात का?

तुम्ही म्हणाल, अहो पण ती टीम हरायची. जिंकली असती तर वाचली असती.

मग हैदराबाद घ्या. डेक्कन चार्जर्स 2009 चे विजेते. मालक डेक्कन क्रॉनिकल हे वृत्तपत्र चालवणारी कंपनी. कंपनी कर्जात बुडाली. सप्टेंबर 2012 मध्ये टीम विकायला काढली, एकच बोली आली, ती मालकांनी नाकारली, आणि लगेच बोर्डाने करार रद्द केला. ट्रॉफी कपाटात होती. टीम राहिली नाही. ऑक्टोबरमध्ये हैदराबादचा हक्क सन टीव्हीने घेतला आणि सनरायझर्स जन्माला आली. शहर तेच, नाव वेगळं, वही कोरी.

उलटं उदाहरण बंगळुरूचं. विजय मल्ल्या यांची किंगफिशर एअरलाइन्स ऑक्टोबर 2012 मध्ये जमिनीवर आली. तरी टीम वाचली. का? टीम विमान कंपनीच्या वहीत नव्हती, दारू कंपनीच्या वहीत होती, आणि ती कंपनी पुढे डियाजिओच्या ताब्यात गेली. अठराव्या हंगामात, 3 जून 2025 ला, बंगळुरू पहिल्यांदा जिंकली. दुसऱ्याच दिवशी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जण गेले. आणि पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की या टीममधल्या आपल्या गुंतवणुकीचा आम्ही फेरविचार करतोय. त्या आठवड्यात तुमचाही व्हॉट्सॲप ग्रुप आठवत असेल. ‘आत्ता कुठे जिंकली आणि विकतायत?’

पण मालकाच्या बाजूने बघा. जमीन कधी विकतात? शेजारून रस्ता गेला, भाव वाढला, की. जिंकलेली टीम म्हणजे रस्त्याला लागलेली जागा. हरणं जसं विकायचं कारण होऊ शकतं, तसंच जिंकणंही.

या भागाचा मुद्दा एका ओळीत सांगायचा तर हा: टीम विकणार का, याचं उत्तर गुणतक्त्यात शोधू नका, मालकाच्या दुसऱ्या धंद्यात शोधा.

आपल्याला हे कळायला क्रिकेटची गरजही नाही. खोपोली-रसायनीत वाढलेल्या कोणालाही विचारा. कारखाना चालू, पाळी चालू, माल जातोय, आणि एक दिवस निर्णय येतो दिल्लीहून नाहीतर मुंबईच्या हेड ऑफिसहून. रसायनीचा एचओसीचा कारखाना आठवा, मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले तोट्यातले प्लँट बंद करायचा निर्णय घेतला. ‘आमच्या डिपार्टमेंटला काही होणार नाही’ असा अंदाज गेटवर वर्षानुवर्षं चालतो. गेटवरच्या माणसाला हेड ऑफिसची वही दिसत नाही. चाहत्यालाही दिसत नाही.

दुसरा पुणे: एका रनाची गोष्ट

तोच मे 2017. त्याच महिन्यात पुण्याची दुसरी टीम गेली.

मागचं थोडं सांगतो. जुलै 2015 मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. त्यांची जागा भरायला दोन तात्पुरते संघ हवे होते. 8 डिसेंबर 2015 ला बोली झाली, तीही उलटी. बोर्ड म्हणालं, मध्यवर्ती उत्पन्नातून आम्ही जास्तीत जास्त 40 कोटी देऊ, तुम्ही किती कमी घ्याल ते बोला. संजीव गोयंका यांच्या गटाने पुण्यासाठी बोली लावली उणे 16 कोटी. म्हणजे काही नको, उलट आम्हीच वर्षाला 16 कोटी देतो!

टीमचं नाव रायझिंग पुणे सुपरजायंट्स. 2016 ला कप्तान महेंद्रसिंह धोनी. जांभळी जर्सी कर्जत स्टेशनच्या फलाटावर दिसायला लागली. पण ते वर्ष दुष्काळाचं. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश झाला. पुण्याचे घरचे सामने गेले थेट विशाखापट्टणमला. क्रिकेटवेड्यांना राग आला असेल, पण एप्रिल-मे मध्ये आपल्याच तालुक्यातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन किती चालतात ते ज्याने बघितलंय, त्याला या आदेशावर फार बोलता येत नाही.

2017 ला नावातून शेवटचा ‘स’ गेला, सुपरजायंट्सचं सुपरजायंट झालं. कप्तान स्टीव्ह स्मिथ. साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स. पुण्याचा राहुल त्रिपाठी सलामीला. आणि टीम फायनलला! 21 मे 2017, हैदराबाद, समोर कोण? मुंबई इंडियन्स.

आपल्यासाठी ही फायनल म्हणजे घरातलं भांडण. घाटाच्या वरचे विरुद्ध घाटाच्या खालचे, आणि आपण बरोबर पायथ्याशी. मुंबई 129. फार काही नाही. शेवटच्या षटकात पुण्याला 11 हव्या होत्या. गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर चौकार, पुढच्या दोन चेंडूंवर दोन विकेट, त्यातली एक स्मिथची. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसरीला रनआऊट. पुणे 128. एका रनाने हरले.

आणि त्या चेंडूबरोबर टीमही संपली. करार दोनच वर्षांचा होता. सगळ्यांना माहीत होतं, तरी आमच्या ग्रुपवर अंदाज चालू होते. ‘फायनलपर्यंत आलेली टीम कोण बंद करतं?’ ‘पुढच्या वर्षी दहा टीम करतील बघ.’ माझा खोपोलीचा एक मित्र तर म्हणाला होता की ती एक रन काढली असती तर टीम वाचली असती. मी त्याला तेव्हा विरोध केला नाही. आता करतो. नसती वाचली. ट्रॉफी घेऊन बंद झाली असती, एवढाच फरक.

2018 ला चेन्नई परत आली. कावेरी पाण्याच्या आंदोलनामुळे तिचे घरचे सामने हलवावे लागले, आणि ते आले कुठे? गहुंजेला! पुण्याचं मैदान पिवळं झालं. आपली टीम नसलेल्या मैदानात लोक दुसऱ्याच्या टीमला शिट्ट्या मारत होते. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये गोयंकांच्या समूहाने लखनऊचा हक्क घेतला, 7,090 कोटींना. 2008 मध्ये मुंबई पडली होती तेव्हाच्या दराने साधारण 440 कोटींना. सोळा पट! टीमचं नाव ठेवलं लखनऊ सुपर जायंट्स. म्हणजे नावाचा अर्धा भाग मालक बरोबर घेऊन गेला. तो त्याचाच होता. ‘पुणे’ तेवढं मागे राहिलं.

फुटबॉलवाले म्हणतील आमचंही सांगा. एफसी पुणे सिटी, 2014 पासून बालेवाडीत. वाधवान समूहाची टीम. 2019 मध्ये त्यांची डीएचएफएल कंपनी कर्जाच्या संकटात सापडली, आणि त्याच वर्षी आयएसएलमधली पुण्याची जागा हैदराबाद एफसीला गेली. गोष्ट तीच, फक्त चेंडू मोठा.

‘विका!’ म्हणणारे चाहते

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण तिथे याच्या उलट घडलं. ओकलंड शहरात ॲथलेटिक्स नावाची बेसबॉलची जुनी टीम. चाहते तिला नुसतं ‘एज’ म्हणतात. 2023 मध्ये मालक जॉन फिशर यांनी टीम लास वेगासला न्यायचं ठरवलं. मालकाने खर्च कमी केलेला, चांगले खेळाडू गेलेले, मैदान ओस. मालक म्हणायचा, बघा, लोकच येत नाहीत.

चाहत्यांनी काय करावं? 13 जून 2023 ला त्यांनी ठरवून मैदान भरलं. उलटा बहिष्कार! 27,759 लोक आले, हिरवे टी-शर्ट घालून, आणि टी-शर्टवर एकच शब्द: विका. सामनाभर तीच घोषणा. त्यांना टीम विकली जायला हवी होती, म्हणजे दुसरा मालक येईल आणि टीम इथेच राहील. ती विकली गेली नाही. 26 सप्टेंबर 2024 ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला.

या गोष्टीत मला एक फरक दिसतो. आपण पुण्याच्या वेळी अंदाज लावत बसलो. ते लोक मागणी करत होते. दोघांचीही टीम गेली. पण ओकलंडवाल्यांनी निदान हे ओळखलं होतं की वही मालकाच्या हातात आहे, आणि बोलायचं तर त्याच्याशीच बोलावं लागेल. मालकांना तरी न्यायाची जागा असते. 2011 मध्ये कोचीचा करार बोर्डाने रद्द केला, मालक लवादात गेले, आणि 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा 538 कोटींचा निवाडा कायम ठेवला. कोचीच्या चाहत्याने कुठे जायचं?

जी टीम विकता येत नाही

शेवटी परत गावात येऊ. आपल्या रायगडात कबड्डीची मंडळं आहेत. ग्रामदेवतेच्या नावाची, पोरं गावातलीच, मॅट नसेल तर माती. त्यांना विकता येत नाही, कारण ती एकाच्या नावावर नसतात. मंडळ विकलं जात नाही, मंडळ फुटतं! दोन गट पडतात, नव्या मंडळाच्या नावात ‘नव’ लागतं, आणि पुढची पाच वर्षं यात्रेत दोघांचं तोंड दोन दिशांना. पण दोन्ही मंडळं गावातच राहतात.

आणि आता गावोगाव टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग. पॉइंटवर खेळाडूंचा लिलाव, यूट्यूबवर लाइव्ह, आणि प्रत्येक टीमला ‘संघमालक’. कधी बिल्डर, कधी जमिनीत पैसे झालेला दादा, कधी पुढच्या निवडणुकीला उभा राहणारा. निवडणूक झाली की पुढच्या वर्षी जर्सीवर दुसरं नाव. हसू नका, हेच पुणे वॉरियर्स आहे, फक्त शून्य कमी.

मी असं म्हणत नाही की लीग वाईट आणि मंडळ चांगलं. लीगमुळे आपल्या पोरांना पैसे मिळाले, नाव मिळालं. म्हणणं एवढंच: कोणत्या टीमवर किती जीव लावतोय, ते माहीत असू द्या. ज्या टीमला मालक आहे, तिची बातमी आली की तीन प्रश्न विचारा. मालकाचा दुसरा धंदा कसा चाललाय? हप्ता किंवा बँक हमी थकली आहे का? आणि करार कधी संपतो? याची उत्तरं वाचली तर टपरीवरचे निम्मे अंदाज तिथेच गळून पडतात.

त्या खोपोलीच्या मित्राकडे जांभळी जर्सी अजून आहे. पावसाळ्यात बाईक पुसायला वापरतो म्हणतो. मागच्या महिन्यात घरी गेलो तर दोरीवर धुऊन वाळत घातलेली होती, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी. बाईक पुसायचं फडकं कोणी असं वाळत घालत नाही. मी काही बोललो नाही.

तुमच्याकडे बंद पडलेल्या टीमची जर्सी असेल, पुण्याची, कोचीची, नाहीतर गावच्या लीगमधली, तर फोटो पाठवा. कुठे घेतली आणि अजून का ठेवली, तेही सांगा. पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटू मंडळी!